मोहाखाली उभं राहणं

मोहफुलं वेचताना बायका वाकलेल्या असतात, म्हणून त्यांच्यातलं कुणीतरी एक जण कायम उभं असलं पाहिजे. आमच्या गावाला हा नियम मी घालून दिला. घरोघरी जाऊन समजावला, शाळेच्या भिंतीवर चित्र काढून घेतलं, बैठकीत घसा फोडला. आणि गावाने तो मनावर घेतल्यावर सगळ्यांत आधी मोडला तोही मीच. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, त्यातला हा प्रकार.

मी वनरक्षक आहे. गावात मला गार्ड म्याडम म्हणतात. माझं बीट, म्हणजे मला राखायला दिलेला जंगलाचा तुकडा, मोहर्लीपासून तासाभरावर, व्याघ्रप्रकल्पाच्या कडेच्या बफर पट्ट्यात. पर्यटकांच्या जिप्सी आमच्या बाजूला वळत नाहीत, वाघ मात्र वळतो. उन्हाळा लागला की मोह गळायला लागतो आणि गावातल्या बायका उजाडता उजाडता टोपल्या घेऊन जंगलात शिरतात. उशीर केला तर फुलं चितळं खातात, गुरं खातात, उरलेली उन्हाने वाळून जातात. जंगलात जाऊ नका असं सांगणं सोपं आहे. पण मोह म्हणजे त्या घरांची वर्षभराची मीठमिरची, त्यामुळे तसं सांगायची माझी कधी जीभ रेटली नाही.

अडचण अशी, की वाकून फुलं वेचणारं माणूस दुरून चार पायांचं जनावर दिसतं. वाघ उभ्या माणसाला सहसा टाळतो, वाकलेल्याला टाळेलच असं नाही. म्हणून आमची रीत ठरली. तळहाताच्या रेषा दिसायला लागल्याशिवाय गाव सोडायचं नाही. सगळ्यांनी मिळून जायचं. एकीने काठी घेऊन उभं राहायचं आणि थोड्या थोड्या वेळाने ‘होऽऽ’ अशी हाक द्यायची. बाकीच्यांनी वाकल्या जागेवरून ओ द्यायची. जिची ओ आली नाही तिच्याकडे जाऊन पाहायचं. उभं राहणारीची टोपली मात्र रिकामी राहते, त्यामुळे पाळ्या लावल्या की रोज कुरकुर. शेवटी ते काम मी माझ्याकडेच घेतलं. उभं राहायचा पगार मला सरकार देतंच.

ही मागच्या वर्षीच्या मोहातली गोष्ट. गाव आणि मोहाची झाडं यांच्यामध्ये एक टेकाड आहे. फार उंच नाही, शेळ्या त्यावर खेळत चढतात. मी अर्ध्यावर पोचले आणि माझ्या छातीचा भाता झाला. शर्ट पाठीला चिकटला, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. बायका थांबल्या. “तुम्ही व्हा पुढं, मी आलीच,” असं मी तोऱ्यात म्हटलं. त्या पलीकडे उतरल्या, वेचायला लागल्या, आणि मी कसाबसा माथा गाठून एका दगडावर बसले. दोनच मिनिटं बसायचं, असं मनाशी ठरवलं होतं. बसल्यावर इतकं बरं वाटलं की हाक द्यायची ती राहूनच गेली.

वानरं ओरडायला लागली तेव्हा मी मान वर केली. वाघ दिसल्यावर ओरडतात तसं, घोगरं आणि तुटक. माझ्या शेजारी आजी उभी होती. ही गावातली गोंड म्हातारी, साठीच्या पुढची, अंगाने काटकुळी, पण टोपली सगळ्यांत आधी हिचीच भरते. हाक आली नाही म्हणून ती वेचणं टाकून टेकाड पुन्हा चढून आली होती. माझ्याजवळ पडलेली काठी तिने उचलून घेतली होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती. समोरच्या कोरड्या नाल्याकडे पाहत होती.

“उठ,” ती हळू आवाजात म्हणाली. “पयले उठ.”

मी तिच्या खांद्याला धरून उठले. नाल्यापलीकडच्या बांबूत काहीतरी पिवळं होतं. आधी कान दिसले, मग बाकीचा आपोआप दिसला. त्याने आमच्याकडे पाहिलं, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग कंटाळून तोंड फिरवलं आणि बांबूत निघून गेला. आजीने काठी माझ्या हातात दिली.

“तूच बसली त उभी कोन राहीन, बाई?”

ती रागावली नव्हती, खरोखरच विचारत होती. रागावली असती तर मी रडून मोकळी झाले असते.

गोष्ट संध्याकाळपर्यंत रेंज ऑफिसात पोचली. आमचे रेंजर साहेब भला माणूस. म्हणाले, “म्याडम, पुढच्या मोहापर्यंत पाहू. तेव्हाही टेकाड झेपलं नाही तर तुम्ही ऑफिसातच या. एक टेबल रिकामं आहे.” टेबलावर पंखाही होता. माझी आई माझ्याजवळच राहते, तिला ही बातमी फार आवडली असती, म्हणून मी ती तिला सांगितली नाही. मला ते टेबल नको होतं. शेजारची दोन बीटं आधीच गार्डवाचून पडलेली. माझं तिसरं झालं असतं, आणि पुढच्या मोहात त्या बायकांना हाक द्यायला कुणी उरलं नसतं. शिवाय आमच्या घराण्यात खाकी घालणारी मी पहिली बाई. भरतीच्या लांब चालीत मुलींमध्ये दुसरी आले होते. त्या खाकीचं पोटावरचं बटण आता सेफ्टीपिनेने धरून ठेवलेलं होतं.

आधी वजन किती ते तरी कळावं. गावाजवळच्या आठवडी बाजारात काटा एकच, मोह विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याचा. त्याच्यावर चढले. त्या माणसाचं सगळं मोजमाप चाळीस किलोच्या पोत्यांत चालतं. “दोन पोते अन् वरतं चार किलो!” तो सवयीने मोठ्याने ओरडला. रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले, दुसरं काय करणार?

चौऱ्याऐंशी किलो काही एका दिवसात होत नाहीत. आधी खात्याने मोटारसायकल दिली. जिथे पायी गस्त घालायचे तिथे मी गाडीवरून उंटावरून शेळ्या हाकायला लागले. मग गावातला चहा. एका घरी घेतला आणि दुसऱ्या घरी नाही घेतला तर दुसऱ्या घराचा अपमान, त्यामुळे एका फेरीत सहा-सात कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. तालुक्याला काम निघालं की स्टँडवर तर्री-पोहे, तर्रीवर तेलाचा बोटभर थर. घरी दोन्ही वेळ भात, तोही डोंगराएवढा. माझा नवरा अहेरीकडे शिक्षक आहे, शनिवारी येतो आणि येताना काहीतरी गोड आणतो. “तुझं वजन नाही वाढलं, काटे आजकाल खराब येतात,” असं म्हणायचा. अशा माणसावर रागावता येत नाही, हाच त्याचा दोष.

तालुक्याच्या दवाखान्यातली डॉक्टर नागपूरची तरुण मुलगी. माझा बीपी वाढला होता आणि साखर उंबरठ्यावर येऊन उभी होती. ती म्हणाली, “घाई करू नका. महिन्याला दीड-दोन किलो उतरले तरी पुष्कळ झालं. भात आणि तेल कमी, गोड बंद, आणि रोज पहाटे पाऊण तास भरभर चालायचं.”

“पहाटे?” मी विचारलं.

“हो, पहाटेची हवा छान असते.”

हवा छान असते हे वाघालाही माहीत आहे, पण तिला काय सांगणार? दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताच बूट घालून निघाले. वेशीवर एक पिवळा बोर्ड आहे. ‘वाघाचा वावर. पहाटे व सायंकाळी एकट्याने फिरू नये.’ तो मीच ठोकलेला, उरलेले खिळे अजून माझ्या घरी आहेत. दुधाची कॅन घेऊन जाणारा एक भाऊ माझ्याकडे पाहून थांबला, मग त्याने बोर्डाकडे पाहिलं.

“काऊन म्याडम, बोर्ड काय आमच्यासाठीच हाय का फक्त?”

तिसऱ्या दिवशी ऑफिसात तक्रार गेली, की गार्ड म्याडम पहाटे एकटीच फिरून राह्यली. साहेबांचा फोन आला आणि मला माझ्याच बोर्डाने धरलं. संध्याकाळीही तोच बोर्ड लागू. आणि भर दुपारी आमच्या चंद्रपूरच्या उन्हात चालायचं, तर वजनाआधी माणूसच खाली उतरायचा.

चालणं बंद पडलं म्हणून मी जेवणच बंद केलं. बुद्धपौर्णिमेला अष्टशील घेतलं होतं, त्यात दुपारनंतर जेवायचं नसतं. ते एका दिवसाचं शील मी नऊ दिवस ताणलं, वर सकाळचं जेवणही काकडीवर आणलं. आईला सांगितलं की मन शांत होतं. मन कसलं शांत, मी येताजाता सगळ्यांवर खेकसत होते. नवव्या दिवशी रोपवाटिकेत बांबूची रोपं मोजता मोजता चक्कर येऊन रोपांवरच पडले. सतरा रोपं मेली. तिथल्या बायांनी मला उचलून घरी आणलं.

आईने डाळ-भात कालवून समोर ठेवला आणि मग सुरू झाली.

“बुद्धानंही उपाशी राहून पाह्यलं होतं. हाडं दिसायले लागली, कायी भेटलं नाई, तवा खीर खाल्ली अन् मंग समोर गेला. तू त्याच्याहून मोठी लागून गेली का?”

“तसं नाई आई...”

“तसंच हाय. मधला मार्ग, मधला मार्ग म्हनता सगळे, अन् ताटावर बसलं की एक त डोंगर, नाई त शून्य. खाय मुकाट्यानं.”

मी खाल्लं. खाता खाता रडले, आणि तेव्हा टेबलाची गोष्टही सांगून टाकली. आईला ती आवडेल असं मला वाटलं होतं. तिने माझ्या ताटात आणखी वरण वाढलं. मग म्हणाली, “तुले त्या टेबलावर बसवून मी काय पाह्यत बसू?” मला फार हलकं वाटलं. आपली आई आपल्याला वाटते त्याहून शहाणी निघाली, की पोटात गार पडतं.

पण अक्कल अजून पुरती आली नव्हती. साखर सोडली होती आणि गोडावाचून जीव कासावीस व्हायचा. त्याच दिवसांत गावच्या बचतगटाने मोहाचे लाडू करायला घेतले होते. मोहफुलं वाळवून, भाजून, तीळ घालून कुटलेले. मी मनात म्हटलं, हे ठीक आहे. जंगलचं खाणं, शुद्ध. जंगलातलं खाऊन कुणी लठ्ठ झालेलं पाहिलंय का? आजीच पाहा, केवढीशी आहे. सकाळी दोन, दुपारी दोन, गाडीच्या डिकीत वेळप्रसंगाला म्हणून चार. साखरेच्या कणाला मी हात लावत नव्हते, आणि त्याचा मला चांगलाच गर्व झाला होता. पाऊस लागायच्या तोंडाशी पुन्हा काट्यावर चढले.

“दोन पोते अन् साडेपाच!”

म्हणजे वजन वाढलं होतं. मी व्यापाऱ्याशी भांडले, त्याचा काटा तपासायला लावला, आणि तिथून रागारागात आजीच्या अंगणात गेले. एवढा त्याग करून देह ऐकत नाही, असं सगळं तिला सांगितलं. लाडवांचा विषय निघाला तशी ती हसायला लागली. इतकी हसली की तिला मांडवाच्या खांबाला धरावं लागलं.

“मोहात साखर नसती त दारू कशाची झाली असती, बाई?”

मी तोंड उघडं ठेवून बसले. जंगलात लपवलेल्या किती हातभट्ट्या मी शोधून दिल्या आहेत. आंबवलेल्या मोहाच्या सडव्याची मडकी काठीने फोडली आहेत, त्या वासाने डोकं धरून घरी आले आहे. ती फुलं आंबतात ती कशामुळे, हा विचार या खाकी डोक्यात एकदाही शिरला नव्हता.

“आमी लाडू एक खातो अन् जंगल दोनदा फिरून येतो,” आजी डोळे पुसत म्हणाली. “तू चार खाते अन् गाडीवर बसते. जंगलाचा काय दोष त्यात?” मग तिने वेशीकडे बोट दाखवलं. “गाडी येशीवर ठेवत जाय. माह्यासंगं चाल.”

इतकं सोपं होतं ते. डॉक्टरने तेच सांगितलं होतं, पण डॉक्टरला आमचा वाघ माहीत नव्हता. आजीला वाघही माहीत होता आणि मीही. दुसऱ्या दिवसापासून गाडी वेशीवर, बोर्डाच्या खाली. ऊन वर आलं की आजी, तिच्यासोबत दोघी-तिघी आणि मी असं निघायचं. त्यांना सरपण नाही तर भाजी हवी असायची, माझी गस्त व्हायची. आजीची चाल कधी जोराची नसते आणि ती कधी थांबतही नाही. सुरुवातीला मी पाच पावलं पळायचे आणि पन्नास पावलं मागे पडायचे. ती मागे न पाहता म्हणायची, “बोलत बोलत चाल. बोलता नाई आलं त समज, तू जास्तच जोरात निंगाली.” तेव्हापासून मी जंगलात सतत बोलत असते. आमच्या वाघाला माझ्या घरच्या सगळ्या भानगडी माहीत असतील.

ताट आईने ताब्यात घेतलं. अर्ध्या ताटात भाजी, एक मूद भात, वाटीभर वरण, रात्री ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी. तेल बाटलीतून ओतायचं नाही, चमच्याने घालायचं. पावसाळ्यात भाजीला तोटा नव्हता. आजी रस्त्याच्या कडेचा कोवळा तरोटा खुडून माझ्या रुमालात बांधून द्यायची, कधी अंबाडी, कधी बांबूचे कोंब. पहिल्या पंधरवड्यात मला रोज भाताची स्वप्नं पडली. मग पोटाला सवय झाली, आणि भूक लागणं म्हणजे संकट नव्हे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. सकाळच्या फेरीत पाऊस आला तर दुपारी रोपवाटिकेत जायचे. तिथे तारेचं कुंपण आहे. दोन्ही हातांत झारी घेऊन वाफ्यांना फेऱ्या मारायचे. ज्या सतरा रोपांचा माझ्यामुळे जीव गेला त्यांच्या जागी नवी लावली, त्यांना जरा जास्त पाणी घातलं.

चहाचा प्रश्न राहिला होता. तोही आजीनेच मिटवला. म्याडमच्या कपात साखर टाकेल त्याच्या अंगणात मी पाय ठेवणार नाही, असं तिने पाण्याच्या टाकीजवळ जाहीर केलं. आजीचा पाय अंगणात न पडणं कुणाला परवडत नाही, गावातली निम्मी बाळंतपणं तिने केलेली. मला आंबील मिळायला लागली. पातळ, आंबट, वर कांदा. दोन घरी आंबील झाली की तिसऱ्या घरी फक्त बसायचं. चहा न घेताही अपमान होत नाही, हे गावाला आणि मला एकदमच कळलं.

सगळं सरळ झालं असं नाही. हिवाळ्यात लग्नं लागली. एका मांडवात वडाभात होता, वरून तेलाची फोडणी. मी तीनदा घेतला. मग आता मोडलंच तर मोडू दे म्हणून दुसऱ्या दिवशी तर्री-पोहे, तिसऱ्या दिवशी गाडी थेट गावात. आठवड्याने डॉक्टरकडे गेले तेव्हा खाली मान घालून कबुली दिली. ती म्हणाली, “एका जेवणाने वजन वाढत नाही हो. दुसऱ्या दिवशी आपण सगळं सोडून देतो ना, त्याने वाढतं.” तरुण आहे, पण बोलली ते खरं. दुसऱ्या दिवशी गाडी परत बोर्डाखाली.

एके दिवशी शर्ट घालताना सेफ्टीपिन लावायची विसरले आणि ते दुपारी लक्षात आलं. बटण आपलं आपण लागलेलं होतं. एवढ्याशा गोष्टीचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू! गुडघे कुरकुरायचे थांबले. बीपी जागेवर आला, आणि उंबरठ्यावर उभी असलेली साखर मागच्या मागे परतली. होळीच्या आधीच्या बाजारात व्यापाऱ्याने काटा पाहिला, मग मला पाहिलं. “एक पोतं अन् एकतीस किलो,” तो म्हणाला. “म्याडम, माल घटला.” या वेळी रांगेतल्या बायकांबरोबर मी मनापासून हसले. काही फार बारीक झाले नव्हते. अजूनही आजीच्या शेजारी उभी राहिले की मी एकटीच दोघींची जागा घेते. पण ते टेकाड माझ्या मनातून उतरत नव्हतं. काट्यावर खरं कळत नाही, चढावर कळतं.

मोह गळायला लागला. पहिल्या सकाळी आम्ही पंधरा जणी वेशीवर जमलो, तळहाताच्या रेषा पाहिल्या. बोर्डाजवळ साहेबांची जीप उभी होती. ते थर्मासमधला चहा पीत राहिले. मी काठी घेतली आणि पुढे झाले. शिरस्त्याप्रमाणे बोलत बोलत चढले. धाकट्या जावेचं आणि माझं काय बिनसलंय ते पूर्ण सांगून झालं तेव्हा लक्षात आलं की आपण माथ्यावर आहोत. तो दगड तिथेच होता. मी वळून खाली पाहिलं तर जीप निघाली होती. संध्याकाळी कळलं, साहेबांनी ऑफिसातल्या त्या रिकाम्या टेबलावर प्रिंटर ठेवून घेतला. जीव भांड्यात पडला म्हणतात, तो कसा पडतो ते मला त्या दिवशी कळलं.

पण सकाळ अजून संपली नव्हती. बायका उतारावर आपापल्या झाडांखाली वाकल्या. झाडांखाली फुलांचा पिवळा सडा आणि तो गोड वास. मी मधोमध उभी. हाक द्यायची, ओ मोजायच्या. पहिल्या हाकेला चौदा, दुसरीला चौदा, तिसरीलाही. चौथ्या हाकेला तेरा.

मी पुन्हा हाक दिली. तेराच. आजीचा आवाज त्यात नव्हता.

आजी यंदा खाली उतरलीच नव्हती. टेकाडाच्या माथ्याजवळ एक सुटं झाड आहे, मी तिथलंच वेचतो म्हणाली होती आणि मी हो म्हटलं होतं. आता मला नाल्यापलीकडचा बांबू आठवला, कान आठवले. दोघींना पाठीला पाठ लावून उभं राहायला सांगितलं, बाकीच्यांना त्यांच्याजवळ गोळा केलं, आणि मी निघाले. पळतच निघाले. चव्वेचाळीस वर्षांची बाई बूट, काठी आणि आजीच्या नावाचा आरडाओरडा यांच्यासह ते टेकाड एका दमात चढली. कुठे थांबायचं डोक्यातही आलं नाही.

आजी माझ्या दगडावर बसली होती. पाय लांब केलेले, अर्धी टोपली मांडीजवळ, मान छातीवर. छाती हलत होती. वारा लागून म्हातारीचा डोळा लागला होता.

“बाई! काऊन बसली?” मी किंचाळले. “ओ काऊन नाई दिली? मी काय समजायचं?”

तिने डोळे उघडले, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि गुडघा चोळायला लागली.

“कायले ओरडून राह्यली? गुडघे दुखते आता. इतके साल मोह वेचला, जंगलात कधी बसली नाई.” मग अगदी सहज म्हणाली, “यंदा तू उभी हायस ना. म्हून बसली.”

मला बोलता येईना. धाप लागली नव्हती, तरी येईना. मी डोळे पुसले, काठी टेकवली आणि तिच्या शेजारी नाल्याकडे तोंड करून उभी राहिले. आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. बांबू हलत नव्हता.

मग मी हाक दिली. खालून तेरा जणींनी ओ दिली, आणि चौदावी ओ माझ्या गुडघ्याजवळून आली.